भट्टीतून निघालेली होडी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टनजवळ, हॅम्बल नावाची एक छोटी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी फेअरी या विमान कंपनीची जागा होती. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचं काम तिथे पहिल्या महायुद्धापासून चालायचं. दुसरं महायुद्ध संपलं आणि १९४६ साली याच जागेतून वेगळाच माल बाहेर पडू लागला. बारा फूट लांबीची, दोघांनी चालवायची, शिडाची शर्यतीची होडी. नाव फायरफ्लाय. हे नाव कंपनीच्याच एका विमानाचं. विमानवाहू जहाजांवरून उडणारी फायरफ्लाय विमानं ब्रिटिश नौदलाने युद्धात वापरली होती. पुढे १९५०च्या दशकात आपल्या नौदलाकडेही, कोचीच्या तळावर, तोफांच्या सरावासाठी हवेतून निशाण ओढत नेणारी फायरफ्लाय विमानं होती.

विमानं करणारी कंपनी होड्यांकडे का वळली? युद्ध थांबल्यावर लढाऊ विमानांची मागणी एकदम आटली. कारखाने मात्र उभे होते आणि त्यांत शिकलेले कारागीर होते. कंपनीचे मालक सर रिचर्ड फेअरी स्वतः शर्यतींचे दर्दी, युद्धापूर्वी त्यांच्याकडे मोठमोठ्या शर्यतीच्या नौका होत्या. पण मालकाची हौस आणि रिकामे कारखाने एवढ्यावर ही होडी उभी राहिली नसती. तिच्यामागे लाकडाला आकार देण्याचं एक तंत्र होतं. ते समजून घेतलं की दोन वर्षांनी ऑलिंपिकमध्ये जे घडलं त्याचा अर्थ लागतो.

त्याआधी इंग्लंडमध्ये छोटी होडी बांधायची रीत शेकडो वर्षांची होती. मजबूत कण्यावर वाकवलेल्या बरगड्या बसवायच्या आणि त्यांवर फळ्या चढवायच्या, प्रत्येक वरची फळी खालच्या फळीच्या काठावर थोडी येईल अशी. दोन फळ्या जिथे एकमेकींवर येतात तिथे बोटा-दोन बोटांच्या अंतराने तांब्याचे खिळे ठोकून आतून त्यांची डोकी फुगवायची. छोट्याशा होडीतही असे शेकडो खिळे लागत. काम देखणं होई, टिकाऊही होई. पण प्रत्येक फळी वेगळी, तिचा वाक वेगळा, आणि तो वाक साधणारा कारागीर आपल्या नजरेने आणि हाताने काम करणारा. एकाच आराखड्यावरून दोन ठिकाणी बांधलेल्या दोन होड्या पाण्यात उतरल्या की वेगळ्या वागत. शिवाय अशी होडी उन्हात ठेवली की फळ्या आकसून सांधे उघडतात आणि पाण्यात राहिली की लाकूड पाणी पिऊन जड होतं. कोकणात पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांखाली ठेवतात आणि पुन्हा पाण्यात घालण्याआधी सांध्यांची डागडुजी करतात, त्या माणसांना हा त्रास सांगायला नको.

शर्यतीत या सगळ्याचा हिशेब पैशात होई. ज्याच्याकडे पैसा तो उत्तम कारागिराकडून, उत्तम लाकडाची, नवी कोरी, हलकी होडी बांधून घेई. दुसरा कितीही कसबी असला तरी जुनी, पाणी प्यालेली होडी घेऊन त्याच्या मागे राही. वारा दोघांना सारखा, पण पायाखालचं लाकूड सारखं नाही. होडीच्या शर्यतींवर श्रीमंतांचा खेळ हा शिक्का बसला त्याचं एक मोठं कारण हेच होतं.

हे चित्र बदलायला विमान कामी आलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला अॅल्युमिनियमची चणचण होती, म्हणून डी हॅविलंड कंपनीने मॉस्किटो हे वेगवान बाँबफेकी विमान मुख्यतः लाकडाचं केलं. पातळ लाकडी पत्रे एकावर एक चिकटवून त्याचं अंग घडवलं जाई आणि त्याचे भाग करायला फर्निचरचे कारखानेही कामाला लागले होते. गोष्ट कळीची होती ती चिकटवण्याची. सुरुवातीच्या मॉस्किटोंमध्ये दुधातल्या केसीनपासून केलेला गोंद होता. दमट हवेत तो धोक्याचा ठरे, बुरशी आणि ओल त्याला खाऊन टाकत. पुढे कृत्रिम राळेचे गोंद आले. १९४४ साली भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तर लाकडी सांध्यांमध्ये दोष आढळल्याने मॉस्किटो विमानं काही काळ उडवणं थांबवावं लागलं होतं. युद्धाच्या त्या पाच-सहा वर्षांत लाकूड आणि गोंद यांविषयी जेवढं शिकून झालं तेवढं शांततेच्या पन्नास वर्षांतही झालं नसतं, असं मला वाटतं. पाण्याला न जुमानणारा गोंद हाती आला होता आणि त्याची परीक्षा झाली होती.

फेअरीने हॅम्बलला जी पद्धत वापरली तिच्यात उष्णता आणि दाब दोन्ही होते. आधी होडीच्या आतल्या आकाराचा भरीव साचा, उपडा ठेवलेला. त्यावर बर्च लाकडाच्या पातळ पट्ट्या तिरप्या अंथरायच्या, कण्यापासून काठापर्यंत. पट्टीला पट्टी बिनफटीची बसली पाहिजे, म्हणून प्रत्येक पट्टीच्या कडा आधीच मोजून कापलेल्या. मग गोंद. मग दुसरा थर, पहिल्याच्या उलट दिशेने तिरपा. लाकूड त्याच्या रेषेच्या दिशेने मजबूत असतं आणि आडवं सहज चिरतं. थर एकमेकांना छेदत गेले की एकाचा अशक्तपणा दुसरा भरून काढतो. साचा असा गुंडाळून झाला की त्यावर रबराचं आवरण चढवून आतली हवा ओढून घ्यायची आणि सगळं प्रकरण एका अजस्र पोलादी टाकीत, म्हणजेच भट्टीत, ढकलून दार बंद करायचं. टाकीत वाफ सोडायची. प्रेशर कुकरमध्ये जे घडतं तेच इथे घडे, वाफेचा दाब सगळ्या बाजूंनी पट्ट्यांना साच्यावर दाबून धरी आणि तिच्या उष्णतेने गोंद पक्का होई. दार उघडून साचा बाहेर काढला की त्यावर होडीचं अख्खं कवच एकसंध तयार. बरगड्यांचं जाळं नाही, शेकडो खिळे नाहीत आणि पाणी शिरायला फट म्हणून कुठे नाही.

या पद्धतीचं नवल मला तिच्या वेगापेक्षा दुसऱ्याच कारणाने वाटतं. साचा एकच. सोमवारी निघालेलं कवच आणि शुक्रवारी निघालेलं कवच यांचा आकार तोच. कारागिराचा हात इथेही लागे, पट्ट्या नीट कापायला आणि नीट अंथरायला कसब लागेच, पण त्या हाताने होडीचा आकार बदलत नसे. फायरफ्लायहून वेगवान होड्या तेव्हाही होत्या. तिचं मोल हे की एक फायरफ्लाय दुसऱ्या फायरफ्लायसारखी होती. शर्यत हरल्यावर होडीकडे बोट दाखवायची सोय तिने काढून घेतली.

आराखडा होता उफा फॉक्स यांचा. १८९८ साली वाइट बेटावरच्या काउझ गावी जन्मलेला हा माणूस शिकला तो सॅम सॉन्डर्स यांच्या कारखान्यात, जिथे वेगवान बोटी आणि पुढे पाण्यावर उतरणारी विमानं बांधली जात. तिथे प्लायवूडचे थर तांब्याच्या तारेने अक्षरशः शिवून होड्या केल्या जात. म्हणजे पातळ लाकडाचे थर आणि पाण्यावरचा वेग ही जोडी फॉक्स यांना पोरवयापासून ओळखीची होती. १९२८ साली त्यांनी ॲव्हेंजर नावाची चौदा फुटी होडी केली. तोवर छोटी होडी पाणी कापत जाई आणि आपणच उठवलेल्या लाटेत अडकून पडे. ॲव्हेंजरच्या पोटाचा आकार असा की चांगला वारा मिळताच ती पाण्यावर चढे आणि त्याच्या पृष्ठभागावरून घसरत सुटे. त्या हंगामात तिने ५७ शर्यतींत ५२ वेळा पहिला क्रमांक मिळवला. बाकीच्या पाचांत दोनदा दुसरी, तीनदा तिसरी. एवढ्यावर न थांबता दोन साथीदारांना घेऊन फॉक्स त्या उघड्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधल्या ल हाव्रला गेले, तिथे शर्यत खेळले आणि तसेच परत आले.

युद्धात त्यांनी केलेलं एक काम मला त्यांच्या सगळ्या शर्यतींहून थोर वाटतं. समुद्रात पडलेल्या वैमानिकांसाठी त्यांनी विमानातून पॅराशूटने खाली सोडायची लाकडी जीवरक्षक होडी आखली. १९४३ पासून ती वापरात आली आणि तिने कित्येकांचे प्राण वाचवले. विमानाच्या पोटाखाली मावायची, आकाशातून पडून फुटायची नाही आणि पाण्यात पडल्यावर थकलेल्या, भिजलेल्या माणसांना घरी घेऊन यायची, अशी ती होडी. फायरफ्लायसाठी मात्र फॉक्स यांनी काही नवं मांडलं नाही. बारा फुटी शर्यतीच्या होड्यांसाठी त्यांनी युद्धापूर्वीच केलेला एक आराखडा होता, तोच फेअरीच्या भट्टीसाठी घेतला गेला. सुमारे ९० चौरस फुटांची शिडं, एक मोठं डोलकाठीमागे आणि एक छोटं पुढे. मधोमध पोटातून पाण्यात सोडायची फळी, वारा बाजूने असताना होडी आडवी वाहून जाऊ नये म्हणून. कवच इतकं हलकं की दोघं उचलून किनाऱ्यावर आणू शकत.

लागलीच या होडीच्या वाट्याला मोठा मंच आला.

१९४८चं ऑलिंपिक लंडनला भरलं ते अन्नधान्याच्या रेशनिंगमध्ये. नवी मैदानं बांधायला पैसा नव्हता, खेळाडू शाळांत आणि लष्कराच्या छावण्यांत उतरले होते. शिडांच्या शर्यती लंडनपासून दूर, डेव्हन परगण्यातल्या टॉर्कीच्या उपसागरात झाल्या. पाच प्रकार होते आणि त्यांत एकेकट्याने चालवायच्या होडीसाठी फायरफ्लाय निवडली गेली. एकवीस देशांचे एकवीस खेळाडू. दोघांसाठी आखलेली होडी एकट्याने चालवायची म्हणजे सुकाणू, मोठ्या शिडाचा दोर आणि पुढच्या शिडाचा दोर, अशी तीन कामं दोन हातांत. त्यात वारा वाढला की होडी उलटू नये म्हणून काठावर बसून पाठमोरं जमेल तितकं बाहेर झुकायचं. दोघं असते तर दोघांचं वजन कामी आलं असतं, इथे एकट्याचंच.

त्या एकवीस जणांत डेन्मार्कच्या हेलेरूप गावचा पॉल एल्व्हस्ट्रॉम हा वीस वर्षांचा तरुण होता. पहिल्या शर्यतीतून तो मधेच बाहेर पडला आणि त्याच्या नावावर शून्य गुण लागले. एरवी अशा सुरुवातीनंतर माणूस संपला असता. तो संपला नाही याला त्याची जिद्द तर कारण आहेच, पण त्या स्पर्धेची गुणपद्धतीही कारण आहे. ती मजेदार आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबू.

सात शर्यती, त्यांतल्या सर्वोत्तम सहांचे गुण धरायचे. प्रत्येक शर्यतीचे गुण लॉगॅरिदमच्या सूत्राने काढलेले. शाळेत लॉगचे तक्ते ज्यांनी चाळले आहेत त्यांना हे जमेल: एकूण होड्यांच्या संख्येचा लॉग घ्या, त्यातून आपल्या क्रमांकाचा लॉग वजा करा, हजाराने गुणा आणि १०१ मिळवा. एकवीस होड्या असताना पहिल्याला १४२३ गुण मिळतात, दुसऱ्याला ११२२. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्यात ३०१ गुणांचं अंतर. दहावा आणि अकरावा यांच्यात मात्र फक्त ४१चं. सगळ्या शर्यतींत जपून तिसरं-चौथं येणाऱ्याला ही पद्धत फार देत नाही. ती जिंकणाऱ्याला भरभरून देते. दोन शर्यती जिंका, आणि आधीची बरीचशी पडझड भरून निघते.

एल्व्हस्ट्रॉमने नेमक्या शेवटच्या दोन शर्यती जिंकल्या. त्याचे एकूण गुण झाले ५५४३. त्यांतले २८४६, निम्म्याहून जास्त, या दोन शर्यतींचे. अमेरिकेच्या राल्फ इव्हान्सचे ५४०८, हॉलंडच्या कूस द योंगचे ५२०४. सुवर्ण आणि रौप्य यांत १३५ गुणांचं अंतर. त्या दोनपैकी एका जरी शर्यतीत एल्व्हस्ट्रॉम दुसरा आला असता तरी ३०१ गुण गेले असते आणि त्यांबरोबर सुवर्णपदकही. ही सगळी आकडेमोड होते आहे ती एकसारख्या एकवीस होड्यांवर. कोणाची होडी नवी, कोणाची जुनी, कोणाचं लाकूड उंची, या गोष्टी हिशेबात धरायच्याच नव्हत्या. म्हणून तो आकडा माणसांचा आहे असं मी मानतो. हा वीस वर्षांचा पोरगा त्या उपसागरात एकवीस जणांत सर्वांत चांगला होता, एवढंच तो सांगतो आणि ठामपणे सांगतो.

त्यानंतर एल्व्हस्ट्रॉमने १९५२ला हेलसिंकीत, १९५६ला मेलबर्नला आणि १९६०ला नेपल्सच्या उपसागरात सुवर्णपदकं जिंकली. लागोपाठ चार ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवणारा तो पहिला खेळाडू. घरी त्याने होडीच्या काठाच्या उंचीचं बाक करून घेतलं होतं आणि त्यावर पाय अडकवून तो तासन्‌तास बाहेर झुकायचा सराव करी. होडीवरच्या माणसालाही मल्लासारखी मेहनत लागते हे त्याच्याआधी फार थोड्यांनी मनावर घेतलं होतं. होडीत आलेलं पाणी चालत्या वेगाने आपोआप बाहेर खेचणारी तळाची झडपही त्याच्या नावाने जगभर विकली गेली. साठाव्या वर्षी, १९८८ला, तो आपल्या मुलीबरोबर पुन्हा ऑलिंपिकमध्ये उतरला होता.

टॉर्कीच्या त्या एकवीस जणांत आणखी एक माणूस होता, स्वीडनचा रिकार्ड सार्बी. उप्सालाचा न्हावी. केस कापणं हा धंदा आणि डोंगी-होड्या बांधणं हा छंद. तो चौथा आला. पदक हुकलं, पण त्या शर्यतींतून तो एक गोष्ट शिकून घरी गेला असावा असं त्याचं पुढचं काम पाहून म्हणता येतं: एकट्याने चालवायची होडी एकट्यासाठीच आखलेली हवी. पुढच्या ऑलिंपिकसाठी नवी होडी हवी होती आणि १९४९ साली त्याने फिन नावाची होडी आखली. लांबी साडेचार मीटर, शीड एकच, डोलकाठीला बाजूंनी आधाराच्या तारा नाहीत. वाऱ्याच्या जोराने ती काठी वाकते आणि शिडातला जास्तीचा जोर सोडून देते. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फिनच वापरली गेली. पहिला एल्व्हस्ट्रॉम. दुसरा इंग्लंडचा चार्ल्स करी, जो स्वतः हॅम्बलला फेअरीच्या होडी कारखान्यात काम करणारा. आणि तिसरा सार्बी, आपण आखलेल्या होडीवर.

मराठी वाचकाला हे वाचताना आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवतील. तेही १९४८ला लंडनला होते, फ्लायवेट गटात कुस्तीत सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एक कराडचा पैलवान, एक उप्सालाचा न्हावी. दोघंही १९४८च्या ऑलिंपिकमधून पदकावाचून परतले, आणि दोघांनाही हेलसिंकीत, एकाच उन्हाळ्यात कांस्य मिळालं.

फिनमधूनच एकसारखेपणाची मर्यादाही दिसली, तीही सांगायला हवी. कवच सगळ्यांचं सारखं, पण डोलकाठी लाकडाची. आणि लाकूड रंध्याखाली येतं. जाणकार खेळाडू आपल्या वजनाप्रमाणे डोलकाठीवर रंधा फिरवत: वजनदार माणसाची काठी ताठ, हलक्या माणसाची लवचीक. कुठे किती तासायची हा ज्याचा त्याचा अभ्यास. म्हणजे साच्याने जो फरक बाहेर काढला होता तो काठीवाटे परत आत आला. मला यात वावगं वाटत नाही. स्वतः आपली काठी तासणारा माणूस निदान आपल्या होडीला ओळखतो. पैसे टाकून घेतलेल्या फरकाहून हा फरक कितीतरी प्रामाणिक. फिन पुढे २०२०च्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत टिकली. २००८ला बीजिंगमध्ये नच्छत्तर सिंग जोहल यांनी भारताकडून तीच चालवली.

फायरफ्लाय पुन्हा कधी ऑलिंपिकमध्ये आली नाही. तिचं खरं आयुष्य ब्रिटनच्या विद्यापीठांत आणि क्लबांत गेलं, आणि तिथे तिने एका वेगळ्या प्रकारच्या शर्यतीला घर दिलं: संघाची शर्यत. एका बाजूला तीन होड्या, दुसऱ्या बाजूला तीन. पहिल्या क्रमांकाला एक गुण, सहाव्याला सहा. ज्या संघाच्या गुणांची बेरीज कमी तो जिंकला. सहा क्रमांकांची एकूण बेरीज २१, म्हणजे दहा किंवा त्याहून कमी गुण मिळवले की विजय. आता यातली गंमत पाहा. एका संघाचा खेळाडू पहिला आला आणि त्याचे दोन साथीदार पाचवे-सहावे आले, तर बेरीज बारा, संघ हरला. म्हणून पुढे असलेला खेळाडू चालता वेग मुद्दाम कमी करून मागे येतो, विरोधी होडीच्या वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि आपल्या शिडाने तिचा वारा खातो. ती मंदावते, तेवढ्यात आपला मागचा साथीदार पुढे सटकतो. दुसऱ्याच्या वाटेचा हक्क मोडायचा नाही, धडक द्यायची नाही, पण नियमांच्या चौकटीत त्याला जखडून ठेवायचं. या खेळाला होड्या एकसारख्याच लागतात. एक जरी होडी जात्याच वेगवान असली तर सगळे डाव फुकट. वेस्ट कर्बीच्या खाऱ्या तलावावर १९४९ पासून विल्सन करंडकाच्या सांघिक शर्यती होत आल्या आहेत आणि त्या फायरफ्लायवर होतात. तलाव उथळ आणि छोटा असल्याने लोक काठावर उभं राहून एकेक डाव पाहू शकतात. शिडाच्या शर्यतीला एरवी हे भाग्य लाभत नाही.

फेअरीने त्याच भट्टीतून आणखी होड्या काढल्या. स्वोर्डफिश, अल्बाकोर ही त्यांतली नावं, हीही कंपनीच्या विमानांचीच. फॉक्स यांनी स्वतः १९४७ साली फ्लाइंग फिफ्टीन ही वीस फुटी, कण्याला ओझं असलेली शर्यतीची नौका आखली. काउझच्या लोकांनी तिच्यातली एक राजकन्या एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप यांना भेट दिली आणि फिलिप फॉक्स यांच्याबरोबर ती चालवत. पण भट्टीची पद्धत मोठ्या भांडवलाची होती. तशी पोलादी टाकी कोणी परसात उभी करू शकत नाही. सामान्य माणसाला स्वतःच्या हाताने होडी करता यावी ही गरज दुसऱ्या एकाने भागवली. जॅक होल्ट.

होल्ट यांनी प्लायवूडचा सपाट पत्राच धरला. सपाट पत्रा एका दिशेने वाकतो, दोन दिशांनी एकदम वाकत नाही. म्हणून त्यांच्या होडीचं पोट गोल नसून कोनाचं असे, बाजूची पाटी आणि तळाची पाटी जिथे भेटतात तिथे स्पष्ट धार. करवत, रंधा, स्क्रू आणि गोंद एवढ्यावर शाळेतला मुलगा आणि त्याचा बाप मिळून ती करू शकत. १९४७ साली मुलांसाठी कॅडेट. १९५६ साली न्यूज क्रॉनिकल या वर्तमानपत्राच्या पाठबळावर एंटरप्राइज, निळ्या शिडांची, दोघांची. १९६२ साली मिरर, जिच्या पाट्या तांब्याच्या तारेने टाचून मग सांध्यांवर काचतंतूंची पट्टी आणि राळ लावायची. तिच्या सत्तर हजारांवर होड्या झाल्या. देखणेपणात भट्टीतून निघालेलं गोल कवच मला होल्ट यांच्या कोनदार होड्यांहून कितीतरी सरस वाटतं. पण किती घरांत शीड पोचलं हे मोजायचं तर होल्ट यांचं पारडं जड आहे, हे मान्य करावं लागतं.

१९६०च्या दशकात काचतंतू आणि राळेचं फायबर आलं. साच्यात घडवण्याची जी गोष्ट फेअरीने लाकडात साधली होती ती या नव्या मालात स्वस्तात होऊ लागली, आणि फायरफ्लायही फायबरची झाली. जुन्या लाकडी फायरफ्लाय मात्र आजही काही जण सांभाळून चालवतात. त्यांचा शत्रू समुद्राचं पाणी नाही, पावसाचं आहे. खारं पाणी लाकडाला फारसं कुजवत नाही, गोडं पाणी कुजवतं. जिथे पट्ट्यांची टोकं उघडी पडतात, मागच्या सपाट फळीशी किंवा मधल्या फळीच्या खोक्याशी, तिथे वॉर्निश उडालं की ओल थराथरांत शिरते. आधी लाकडाचा रंग काळवंडतो, मग बोटाने दाबलं की मऊ लागतं. तेवढा तुकडा कापून तितक्याच पातळ पट्ट्यांनी, पहिल्यासारख्याच तिरप्या दिशांनी भरायचा. बाकीचं कवच पाहावं तर भट्टीतून निघालं त्या दिवसासारखं घट्ट.

या एकसारख्या होड्यांची कथा आपल्या किनाऱ्यावर आली ती १९८२ साली. आशियाई खेळ दिल्लीला होते, पण दिल्लीला समुद्र नाही, म्हणून शिडांच्या शर्यती मुंबईच्या बंदरात झाल्या. होड्यांच्या गटांत होल्ट यांची एंटरप्राइज होती आणि प्लायवूडच्याच काळातली, पीटर मिल्न यांनी १९६२ साली आखलेली फायरबॉलही. फायरबॉलमध्ये फारुख तारापोर आणि जरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. एंटरप्राइजचं सुवर्ण कराचीच्या एका पारशी जोडप्याने नेलं, बायराम आवारी आणि त्यांच्या पत्नी गोश्पी. बायराम यांनी चार वर्षांपूर्वी बँकॉकलाही मुनीर सादिक यांच्या साथीने याच होडीत सुवर्ण जिंकलं होतं. गोश्पी आवारी या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवणाऱ्या पहिल्या पाकिस्तानी महिला ठरल्या. त्या गटात स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळ्या शर्यती नव्हत्या.